थंडीतलं स्काऊट पथक, खरी कमाई आणि चार तंबू

तिसरी शिट्टी
१२ ऑक्टोबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. रेवदंडा-चौल पट्ट्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवतो आणि शनिवारी गळ्यात स्कार्फ अडकवून स्काऊट पथक सांभाळतो. ३२ स्काऊट, २४ गाईड. गाईड कॅप्टन बाई वेगळ्या आहेत, पण मैदान एकच, शिट्टी एकच आणि कपाटही एकच. त्या कपाटाचीच ही गोष्ट.

आमच्याकडे सहा तंबू होते. दोन पावसाळे ते माळ्यावर गुंडाळलेलेच राहिले. ऑगस्टमध्ये उलगडले तर दोन धड, दोन फाटके पण जीव असलेले, आणि दोनांत उंदरांचा संसार. नवे चार घ्यायचे तर ३८,००० रुपये. शाळा म्हणते ‘बघू’. या ‘बघू’चा अर्थ शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

गेल्या वर्षी आम्ही लकी ड्रॉची कुपनं काढली होती. प्रत्येक पोराला वीस कुपनांचं पुस्तक. कोणी विकली? बापाने हपिसात, मावशीने सोसायटीत, उरलेली आईने स्वतःच घेतली. एका मुलाचे वडील बोटीवर जातात. त्यांनी पाकिटात पूर्ण पैसे घालून पाठवले आणि सोबत पुस्तक जसंच्या तसं, एक पान फाडलेलं नाही. ते पाकीट हातात आलं तेव्हा मला फार ओशाळल्यासारखं झालं. पुन्हा कुपन नाही, हे तेव्हाच ठरलं.

आता ‘खरी कमाई’ करायची आहे, म्हणजे पोरांनी स्वतःच्या कामाने पैसे मिळवायचा स्काऊटांचा उपक्रम. पण बहुतेक शाळांत खरी कमाई म्हणजे आनंद मेळावा: आया वडे तळतात, पोरं दोन तास विकतात, फोटो निघतो. ती आयांची खरी कमाई झाली. पोरांच्या हातून होईल आणि घेणाऱ्याला खरंच लागेल असं काय करता येईल? दुसरं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आमचे खरे दिवस. हवा बरी असते, चिखल नसतो. या चार महिन्यांत काय काय करावं तेही सुचवा.

एक आई
१२ ऑक्टोबर, रात्री १०.२०

कुपनांबद्दल मनातलं बोललात. आमच्या घरी दोन मुलांची दोन पुस्तकं आली होती. पण एक विचारते, राग नको. ३८,००० भागिले ५६ म्हणजे प्रत्येकी ६८० रुपये सुद्धा नाहीत. सरळ मागा ना. एका पिझ्झाचे पैसे.

तिसरी शिट्टी
१२ ऑक्टोबर, रात्री १०.४१

ताई, राग कसला. पण ५६ पैकी पंधरा-सोळा घरांत ६८० हा आकडा पिझ्झाचा नाही, आठवड्याच्या किराणाचा आहे. ती माणसं देतील, ‘नाही’ म्हणणार नाहीत, तेच मला नको आहे. आणि आईबापांच्या पैशाने आलेला तंबू पोरं ओल्या अंगाने गुंडाळून ठेवतात. मागचे तसेच गेले.

हिशेबनीस
१३ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

लकी ड्रॉ पुन्हा नको हे उत्तमच, पण कारण वेगळं आहे. पैसे घेऊन सोडत काढणं म्हणजे परवानगीविना चालवलेली खासगी लॉटरी, कायद्यात बसत नाही. शाळा-मंडळं सर्रास करतात म्हणून ते कायदेशीर होत नाही. दारोदार वर्गणी मागायची तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा विषय येतो, गणपती मंडळांना माहीत आहे. त्यापेक्षा वस्तू द्या, पैसे घ्या, पावती फाडा. पावती पुस्तक शाळेच्या शिक्क्याचं, पैसे त्याच दिवशी बँकेत. आणि वही पोरांना लिहू द्या. नऊ नियमांतला आठवा काटकसरीचा, तो खात्याच्या वहीशिवाय शिकवता येत नाही.

टेम्सकाठचा रायगडी
१३ ऑक्टोबर, दुपारी २.०५

इकडे ब्रिटनमधल्या स्काऊटांत १९४९ पासून ‘बॉब-अ-जॉब’ आठवडा असायचा. बॉब म्हणजे शिलिंग. पोरं दार वाजवायची, बूट पॉलिश कर, बागेतलं गवत काप, आणि एक शिलिंग घे. काम आधी, पैसे नंतर. तुमच्याकडे बागा नाहीत, वाड्या आहेत. बघा काही जुळतं का.

माडाखाली
१३ ऑक्टोबर, रात्री ८.३०

मी मालवणकडचो. मास्तरांनु, वाड्या आसत तर झावळां आसतली, आणि झावळां आसत तर वाडवण कित्याक नाय?

बाकीच्यांसाठी: वाडवण म्हणजे तुमचा खराटा. आमच्या लहानपणी सुट्टीत आजी प्रत्येकाला एक झावळ द्यायची आणि हीर (पातीतली मधली काडी) काढून झाल्याशिवाय समुद्रावर सोडायची नाही. एका झावळीत दोन्ही बाजूंची मिळून दोनशेच्या आसपास पाती. पात ओलसर असेपर्यंत हीर सुरकन सुटतो. पूर्ण वाळली की तुकडे पडतात आणि पोरं कंटाळतात. बोथट सुरी पुरते, कोयता पोरांच्या हातात देऊ नका. मनगटाएवढी मूठ झाली की बुडखे जमिनीवर आपटून सारखे करायचे आणि सुंभाने करकचून बांधायचं. भांडवल शून्य. शिवाय गाठी तर तुमच्या अभ्यासक्रमातच आहेत ना?

वाडीवाली
१३ ऑक्टोबर, रात्री ९.१२

खराट्याला जोरदार अनुमोदन! नागावला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. निसर्ग वादळाने ३ जून २०२० ला निम्मी आडवी केली. तेव्हा झावळ्या इतक्या होत्या की जाळायलाही कोणी मिळेना, आणि आज मीच बाजारातून खराटा विकत आणते. लाज वाटते लिहायला. मास्तर, महिन्याला पन्नासेक झावळ्या माझ्याकडून धरा, शेजारच्या दोन वाड्यांनाही सांगते. न्यायची सोय तुमची.

आणि थंडीचं म्हणाल तर पोपटी, म्हणजे मडक्यात घालून आगीत भाजलेल्या वालाच्या शेंगा! रायगडातल्या पोरांनी पोपटी सोडून दुसरं काय करायचं? डिसेंबरच्या सुट्टीत स्टॉल लावा, नागाव किनाऱ्यावर पर्यटक तुटून पडतील.

खाडीपलीकडे
१३ ऑक्टोबर, रात्री ९.५५

ताई, डिसेंबरात वाल कुठला? भात कापून झाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात. शेंग भरायला जानेवारी उजाडतो. डिसेंबरात जी ‘पोपटी’ पर्यटकांना घालतात ती बाहेरून आणलेल्या शेंगांची. मकरसंक्रांतीनंतर ठेवा. पोपटीच्या मडक्यात घालायचा पाला, भांबुर्डा, तोही तेव्हाच बांधाबांधावर माजलेला असतो.

उधाण
१४ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

कमाईचं तुम्ही बघताय, मी उपक्रमांचं बोलतो. आधी आमची फजिती ऐका.

वीस वर्षांपूर्वी मी रोव्हर (मोठ्या वयाचा स्काऊट) होतो. मार्गशीर्षातली पौर्णिमा, किनाऱ्यावर शिबिर. संध्याकाळी सहाला तंबू ठोकले. समुद्र पार तिकडे, रेती कोरडी. दुपारच्या भरतीने काड्याकचऱ्याची जी रेघ आखली होती तिच्या चार पावलं वर आम्ही. स्वतःवर खूश. रात्री साडेअकराला कोणीतरी ओरडलं, माझी चप्पल पोहतेय! बाराला सगळं पथक गुडघाभर पाण्यात खुंट्या उपटत होतं.

चूक कुठे झाली ते एका कोळी आजोबांनी सकाळी सांगितलं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. आणि थंडीत रात्रीचं उधाण दिवसाच्या उधाणापेक्षा चढतं, पावसाळ्यात उलट. म्हणजे दुपारची रेघ पाहून रात्रीचा तंबू ठोकायचा नाही. हे मला कुठल्याही सोपानात (स्काऊट परीक्षेच्या टप्प्यात) कोणी शिकवलं नव्हतं.

मास्तर, तुम्ही गणिताचे आहात, पोरांना हे पाढ्यासारखं घालून द्या. मग त्याच हिशेबाने अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची सहल काढा. द्वितीया-तृतीयेला भरती दीड-सव्वादोनला, म्हणजे सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी, उधाणाच्या दिवसांतली, चालत जाण्याजोगी. अष्टमीच्या भांगाला (उधाणाच्या उलट, कमी चढउताराच्या भरती-ओहोटीला) पाणी धड सरत नाही, तेव्हा नको. वेळ पोरांनी काढायची, तुम्ही छापील तक्त्याशी ताडून बघायची. आणि पाणी वळलं की किल्ला अर्धा राहिला तरी परत.

तिसरी शिट्टी
१४ ऑक्टोबर, रात्री १०.३०

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. उद्याच्या तासाला पाऊणपट घेतो. सातवीला अपूर्णांक चालूच आहेत.

सध्याचा बेत असा. ७ नोव्हेंबर हा भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा स्थापना दिवस (१९५०), त्या दिवशी ध्वजाची स्टिकरं नेहमीसारखी. दिवाळीनंतर खराटे. डिसेंबरात चौलच्या दत्ताची यात्रा आहे, तिथे पथक दरवर्षी असतं. जानेवारीत पोपटी. २२ फेब्रुवारी स्काऊट-गाईडांचा चिंतन दिन, त्याला जोडून शिबिर, तंबू आले तर तंबूत.

हिशेबनीस
१५ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

दत्ताच्या यात्रेत पाच दिवस गर्दी. पाण्याच्या बाटल्या विकल्या तरी निम्मा तंबू सुटेल.

तिसरी शिट्टी
१५ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

नाही. तिथे पोरं चुकलेली मुलं शोधतात, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवतात. एका हाताने आजीला धरायचं आणि दुसऱ्या हातात वीस रुपयांची बाटली, हे मला जमणार नाही. सेवेच्या जागी सेवाच.

खाडीपलीकडे
१५ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

+१. आणि रेवदंड्यात आहात तर कुंडलिकेच्या पुलावरून कोर्लई हाईक करा. किल्ला, दीपगृह, एका दिवसात होतं. कोर्लई गावातल्या ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. पोरांना तिथल्या मुलांकडून दहापर्यंत आकडे शिकून यायला सांगा. किल्ल्याच्या तटबंदीपेक्षा ते जास्त दिवस लक्षात राहतील.

उधाण
१५ ऑक्टोबर, रात्री ९.००

अवांतर: १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, चंद्र नसेल तर किनाऱ्यासारखी जागा नाही. थंडीत संध्याकाळी सप्तर्षी नसतात, तेव्हा उत्तर दिशा शोधायला शर्मिष्ठा हा तारकासमूह वापरा. ध्रुव सापडला की हात लांब करून वीत मोजा: क्षितिजापासून जेमतेम वीतभर वर. आपल्याकडे अक्षांश साडेअठराच्या आसपास, आणि ताणलेली वीत साधारण वीस अंशांची. पोरांना आधी सांगू नका, त्यांनाच मोजू द्या.

एक आई
१६ ऑक्टोबर, दुपारी १.३०

माझा मुलगा तुमच्याच पथकात आहे हे आत्ता कळलं. काल घरी येऊन आजोबांना ‘आज कुठली तिथी’ विचारत होता. आजोबा आनंदाने पंचांग घेऊन बसले ते उठेचनात.

तिसरी शिट्टी
७ डिसेंबर, रात्री ११.१५

बरेच दिवसांनी आलो. खराट्यांचा अहवाल देतो, आणि तो सुरुवातीला चांगला नाही.

दिवाळीनंतर तीन शनिवार आम्ही वाडीवालीताईंच्या अंगणात बसलो. चार संघ, चार सतरंज्या. पहिल्या दिवशी एका मुलाला तासात बारा हीर, तिसऱ्या शनिवारी तोच बोलता बोलता शंभर काढत होता. ८० खराटे झाले. बाजारात ८०-१०० ला मिळतो, आम्ही ६० ठेवला. दोन संध्याकाळी रेवदंडा बाजारपेठ आणि चौलच्या आळ्या फिरून सगळे विकले. पोरं हवेत, मीही.

दहा दिवसांनी शाळेच्या फाटकाशी एक आजी. हातात सुंभाची मोकळी कडी आणि दुसऱ्या हातात हिरांचा भारा. “मास्तर, ह्यो तुमचा खराटा. ह्यो त्याचा पट्टा.” मागोमाग आणखी. हीर ओलेच बांधले होते! वाळले, आकसले, गाठ जागच्या जागी आणि खराटा गळून खाली. गाठ निर्दोष होती हो. आमचा संघनायक ती कडी उलटसुलट करून बघत होता आणि म्हणाला, “सर, खुंटा गाठ सुटलेली नाही.” हसावं की रडावं.

माडाखाली
७ डिसेंबर, रात्री ११.३२

अरे देवा. चार दिवस उन्हात घालायचे हे लिहायचं राहिलं माझं. आम्हाला ते इतकं अंगवळणी की सांगायचं असतं हेच सुचलं नाही. बांधून झाल्यावर बुडख्याच्या मधोमध लाकडाची पाचर ठोका, हातभर दांडकीची. मग वाळून सैल पडला तरी पाचर आणखी दोन ठोके आत गेली की पुन्हा घट्ट. माफ करा मास्तर.

तिसरी शिट्टी
८ डिसेंबर, सकाळी ६.५०

माफी कसली. संघनायकांची बैठक घेतली. एकाचं म्हणणं, पैसे परत करावेत. दुसऱ्याचं, तक्रार घेऊन येतील त्यांचेच करावेत, बाकीचे गप्प असतील तर आपणही गप्प. यावर एक गाईड म्हणाली, पावत्यांवर सगळ्यांची नावं आहेत. झालं. पावती पुस्तक घेऊन दोन रविवार पोरं ८० घरी गेली. हातात मोगरी, पिशवीत पाचरी आणि सुंभ. अंगणात बसून खराटा पुन्हा बांधायचा, पाचर ठोकायची, समोर दोन हात झाडून दाखवायचा. हिशेबनीससाहेब, तुमच्या पावती पुस्तकाने आम्हाला पळवाट ठेवली नाही, एवढं मात्र खरं.

त्या दोन रविवारी १३० खराट्यांची नवी मागणी आली. आता हीर शाळेच्या गच्चीवर वाळतायत आणि कावळे त्यातले पळवून नेतायत.

वाडीवाली
८ डिसेंबर, सकाळी ९.२०

माझ्या अंगणात हे सगळं घडलं आणि मला खराटे सुटल्याचं आज धाग्यावर कळतंय!

टेम्सकाठचा रायगडी
८ डिसेंबर, संध्याकाळी ५.४५

पाचर ठोकतानाचा एखादा फोटो टाका हो. इथे अंधार चारला पडतो, तेवढाच उजेड.

तिसरी शिट्टी
२६ जानेवारी, रात्री १०.४०

पोपटी झाली. परवा शनिवारी शाळेच्या मागच्या शेतात. किनाऱ्यावर सुरूची सुकी पानं पायाखाली असतात, तिथे आग नकोच. पाण्याच्या सहा बादल्या भरून, मग काडी.

सहा मडकी. पाच शाकाहारी, एक अंड्यांचं, त्याच्या गळ्याला लाल सुतळी. मडक्याच्या तळाला भांबुर्डा, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये बटाटे, रताळी आणि कोनफळाचे तुकडे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी भांबुर्डा इतका दाबून की मडकं उलटं केलं तरी काही सांडू नये. पाण्याचा थेंब नाही. उलटी मडकी ठेवून भोवती शेणी, पेंढा, वाळका पाला.

शिजलं की नाही हे ठरवायचं काम सातवीतल्या सगळ्यात बुटक्या मुलाला दिलं होतं. बोटं पाण्यात बुडवून तो मडक्यावर शिंतोडा मारायचा आणि कान द्यायचा. पहिल्यांदा नुसता फुसफुस. पाच मिनिटांनी चर्र, आणि थेंब जागच्या जागी गायब. त्याने हात वर केला आणि गर्दीतून टाळ्या. मडकी उलथली तेव्हा जो वास सुटला त्यापुढे माझी भाषा लंगडी आहे. एक मडकं वाऱ्याच्या बाजूला होतं, त्याची एक कड कच्ची राहिली. त्या शेंगा पथकाने खाल्ल्या, गिऱ्हाइकाला दिल्या नाहीत.

स्काऊटच्या परीक्षेत ‘बिनभांड्याचा स्वयंपाक’ असतो. आम्ही दरवर्षी कणकेचा गोळा काठीला गुंडाळून भाजतो आणि कोणी खात नाही. यापुढे पोपटीच.

खाडीपलीकडे
२६ जानेवारी, रात्री १०.५८

मडकं म्हणजे भांडंच की, मास्तर.

तिसरी शिट्टी
२६ जानेवारी, रात्री ११.०३

खाताना तुम्ही हे बोलला नव्हतात. चार द्रोण घेतलेत, पावती आहे.

हिशेबनीस
२७ जानेवारी, सकाळी ७.००

आकडे?

तिसरी शिट्टी
२७ जानेवारी, दुपारी १२.४५

वहीतून उतरवतो, अक्षर पोरांचं. खराटे २१०, प्रत्येकी ६० प्रमाणे १२,६००, सुंभ आणि पाचरींचे ९०० वजा, राहिले ११,७००. पोपटी १०८ द्रोण, ८० प्रमाणे ८,६४०, शेंगा-कंद-मडकी-शेणी २,९०० वजा, राहिले ५,७४०. एकूण १७,४४०. स्टिकरांचे पैसे यात नाहीत, ते वेगळे भरले.

म्हणजे चार तंबू होत नाहीत. दोनांचे १९,०००, त्यालाही १,५६० कमी. पण ते दोन फाटके तंबू आठवतात? पाकीट पाठवणारे बोटीवरचे वडील पोपटीला आले होते. म्हणाले, कापड चांगलं आहे, टाकू नका. परवा घरी घेऊन गेले. जाळ्याच्या दोऱ्याने शिवून आणलेत, वर ताडपत्रीचं ठिगळ. दोन पोरं त्यांच्याकडे बसून टाका शिकली. पैसे विचारले तर म्हणाले, दोन खराटे द्या.

तेव्हा धड दोन, शिवलेले दोन आणि नवे दोन. शिबिराला सहा होतात, १,५६० सुटले तर. भरतीची वेळ पोरांनी काढून ठेवली आहे, तंबू यंदा गावदेवीच्या माळावर.

एक आई
२७ जानेवारी, दुपारी १.१०

१,५६० भागिले ६०, बरोबर २६ खराटे. माझे दोन धरा. वाळवलेले!

टेम्सकाठचा रायगडी
२७ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

आईच्या घरी चौलला चार पोचवा, पैसे ती देईल. तिला वाकता येत नाही, लांब दांड्याचे मिळतील का?

तिसरी शिट्टी
२७ जानेवारी, रात्री ९.०५

मिळतील. दांडा बांबूचा, पंधरा रुपये वेगळे. शनिवारी पोरं घेऊन येतील, आईंना सांगून ठेवा. राहिले वीस.